पांढऱ्या साडीवरची हरकत

कन्नमवार नगर, विक्रोळी
९ नोव्हेंबर

प्रांजल,

आईचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात कोणी आजारी नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की मला रडू येतं, मग तू "नंतर बोलू" म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही. पत्रात बरं असतं, रडले तरी तुला ऐकू येत नाही. तुझा बोरिवलीचा पत्ता निधीने दिला. तिला ओरडू नकोस. मावशीने समोर बसवून दोनदा चहा पाजल्यावर भाची किती वेळ तोंड बंद ठेवणार?

कामाचं आधी लिहिते. तुझी आई सध्या मोठी असामी झालीय. मायमुलूख वाहिनीने मला त्यांच्या प्रेक्षक मंडळावर घेतलंय. झालं असं, की साडेसातला त्यांची 'मजला तिसरा' ही मालिका लागते आणि तिच्यात एक डॉक्टर मधूनमधून येऊन भाषण देतो. कधी क्षयाच्या गोळ्या, कधी डासांची पैदास. मी वाहिनीला पोस्टकार्ड टाकलं, की तुमच्या डॉक्टरने तोंड उघडलं की आमच्या अख्ख्या इमारतीत कुकर लागतात, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की आता थोडा वेळ काहीच घडणार नाही. पण त्याच मालिकेतल्या नानांना कमी ऐकू यायला लागलं आणि ते लपवताना त्यांची जी फजिती झाली, ती बघून आमच्या घरातला माणूस स्वतःहून कान तपासायला गेला. मी कधीपासून सांगत होते. डॉक्टरही सांगून दमला. ऐकलं कोणाचं, तर नानांचं. हे असं कसं होतं, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर वाहिनीचा फोन आला, की बाई, तुम्ही दर महिन्याला येऊन असंच विचारत जा.

तुझे बाबा मालिका बघत नाहीत, पेपर वाचतात. मालिका चालू असेपर्यंत पेपरचं पान उलटत नाही, ही गोष्ट वेगळी.

बैठक अंधेरीला असते. घाटकोपरहून मेट्रोने जाते. तिथे विद्याधर नावाचे साहेब आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, की ही वाहिनी लोकांची आहे, त्यामुळे नुसती करमणूक करून सुटका नाही. राज्यातल्या सगळ्या तऱ्हेच्या माणसांना तिच्यात आपलं घर दिसलं पाहिजे, बघता बघता चार गोष्टी कळल्याही पाहिजेत, आणि कोणाचं मन दुखता कामा नये. मी विचारलं, हे सगळं एकदम जमतं? ते हसले आणि म्हणाले, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. माझ्या शेजारी मुलुंडचे नंदकिशोर बसतात. बँकेतून निवृत्त झालेत, पण हरकत घेण्यातून अजून झालेले नाहीत. मालिकेचा लेखक मुकुल कोपऱ्यात बसून ऐकत असतो. तरुण आहे, फार बोलत नाही.

आता तुलाच का लिहिलं ते. मालिकेत लग्न येतंय. आपल्यासारख्या कोकणातल्या घरातली केतकी आणि समोरच्या बौद्ध घरातला अनय. लग्न अनयच्या लोकांच्या पद्धतीने, म्हणजे तुझ्या विकीच्या लोकांच्या. कालच्या बैठकीत केतकीच्या लग्नातल्या कपड्यांचे फोटो दाखवले, चाचणीसाठी काढलेले. बघते तर पोरीच्या अंगावर पांढरी साडी! काठसुद्धा बोटभर निळा, बाकी सगळी पांढरीफटक. मी लगेच हात वर केला. म्हटलं, "साहेब, ही नवरी आहे की दुखवट्याला बसलीय?" सगळे हसले. मुकुल तेवढा हसला नाही, त्याला बरं नसावं. नंदकिशोर म्हणाले, अगदी बरोबर, अशाने भावना दुखावतात. विद्याधर साहेबांनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि हिरवा शालू ठरला. माझी पहिली हरकत मंजूर झाली, प्रांजल. येताना मी स्वतःलाच स्टेशनवर कॉफी पाजली.

तर मंडळासाठी थोडी माहिती हवी होती. तुमच्याकडे लग्नात काय काय असतं? भटजी असतो का? हार हातात कोण देतं? तुझ्या वेळी कसं झालं, ते चार ओळींत कळव. मंडळासाठीच हवंय, दुसरं काही नाही.

आई


विक्रोळी
२३ नोव्हेंबर

प्रांजल,

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी शोधली. पाकीट उलटं करून झटकलं, फुंकर मारून आत बघितलं. एक ओळ नाही, नुसता फोटो.

तू आणि विकी. मागे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या. तुझ्या गळ्यात मोगऱ्याचा हार. आणि अंगावर पांढरी साडी.

मी फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. तुझे बाबा बाहेरून विचारत होते की पाणी का वाहतंय. तू किती छान दिसतेस गं. केस तूच बांधलेस का? डाव्या बाजूला एक बट सुटलीय, ती मी असते तर आत खोचली असती. आणि अशा दिसणाऱ्या माझ्या मुलीला मी भरल्या बैठकीत काय म्हणाले, ते मीच मोठ्या फुशारकीने तुला कळवलं होतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर शकुकडे गेले. तुझी शकुताई, अजून तशीच आहे, इस्पितळाच्या हिशेबखात्यात आकडेमोड करून येते आणि घरी आल्यावर कोणाशी तासभर बोलत नाही. मी दार वाजवून थेट विचारलं, तुमच्यात नवरी पांढरी साडी नेसते? ती म्हणाली, "काकू, माझ्या भावाच्या लग्नाला तुम्ही आला होता ना?" आलो होतो खरं. पण आपली सवय तुला माहीत आहे, आपण हॉलवर पोचतो ते पंगत बसायच्या वेळेला. तोवर तिची वहिनी साडी बदलून लाल शालूत उभी होती. आम्ही पाकीट दिलं, जिलेबी खाल्ली, घरी आलो. इतकी वर्षं एका जिन्यावर राहून मी त्यांचं लग्न बघितलंच नव्हतं, नुसतं जेवले होते.

शकुने सगळं सांगितलं. मुहूर्त बघत नाहीत. भटजी नसतो, बौद्धाचार्य असतात. दोघांनी पांढरं नेसायचं, सगळ्यांनी उभं राहून वंदना म्हणायची, नवरा-नवरीने एकमेकांना शब्द द्यायचे. मी विचारलं, पण पांढरंच का? ती म्हणाली, "कोऱ्यावर सुरुवात करायची म्हणून. तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा, त्याला आम्ही काय करणार?" बोलताना ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला मी हे आधीच का विचारलं नाही, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर बोलण्यात तुझं नाव निघालं असतं आणि आमच्या घरात ते निघत नाही. बाबांनी तसं ठरवलंय, आणि मी त्यांच्याशी भांडून दमलेय.

पण आता निघालंच आहे तर माझंही एक ऐक. बाबा म्हणाले होते की त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही. मी असं म्हटलं होतं का? तू मला तारीखसुद्धा सांगितली नाहीस. सगळं उरकल्यावर तुझा फोन आला, मागे कोणीतरी हसत होतं, वाजत होतं. जिला जन्म दिला तिच्या लग्नात काय काय असतं हे मला शेजारणीला विचारावं लागतंय, याचा राग आलाय मला. लिहिल्याने कमी झाला नाही.

शालूचं मात्र मला बघायलाच हवं. चित्रीकरण पुढच्या महिन्यात आहे.

आई


विक्रोळी
४ डिसेंबर

प्रांजल,

काल बैठक नसताना अंधेरीला जाऊन आले. बाबांना सांगितलं, मंडळाचं जादा काम आहे. ते म्हणाले, "तुका आता पगार धरूक सांग." एकूण त्यांना कौतुक आहे, दाखवत नाहीत.

विद्याधर साहेबांनी बसवलं, पाणी मागवलं. मी म्हटलं, माझी हरकत मी मागे घेते, नवरीला पांढरी साडी परत द्या. ते डोकं धरूनच बसले. म्हणाले, रुक्मिणीबाई, हरकत तुम्हीच घेतली होती. आता पुन्हा पांढरी केली तर नंदकिशोररावांसारख्या शंभर जणांची पत्रं येतील, मालिका बंद करा म्हणतील. हिरवा शालू कोणाला खुपत नाही. त्यातही लग्न होतं, दोन घरं एकत्र येतात, निरोप तोच पोचतो.

माझ्या मनात आलं, हा माणूस वाईट नाही. त्याला सगळ्यांना सांभाळायचंय. पण सगळ्यांना सांभाळताना ज्याचं लग्न होतं त्यालाच बाहेर काढलं, आणि ते काढायला मी हात लावला. मी त्यांना विचारलं, साहेब, त्या लोकांना आपलं घर दिसलं पाहिजे म्हणत होता ना? मग हिरव्या शालूत त्यांना कोणाचं घर दिसणार? आमचंच ना? ते तर आम्ही रोज बघतो.

त्यांना पटल्यासारखं दिसेना. मग मी पर्समधून तुझा फोटो काढून टेबलावर ठेवला. तुझी परवानगी घेतली नाही, त्याबद्दल भांड हवं तर.

मी म्हटलं, "ही माझी मुलगी. हिचं लग्न मी बघितलं नाही. तुमच्या मालिकेत बघायला मिळालं असतं, तर तेसुद्धा मीच पुसलं."

प्रांजल, तू गेल्यापासून "ही माझी मुलगी" हे मी परक्या माणसासमोर पहिल्यांदा म्हटलं. नातेवाइकांत कोणी विचारलं की आम्ही "बरी आहे" म्हणून विषय बदलतो. त्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी ते म्हटलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

मुकुल दारात उभा होता, मला कळलंच नव्हतं. तो आत आला, फोटो हातात घेतला, नीट बघितला. मग म्हणाला, "काकू, चाचणीला जी साडी वापरली होती ना, ती माझ्या आईची. तिच्या लग्नातली. मीच घरून आणली होती."

त्याच्या आईच्या साडीला मी दुखवट्याची म्हटलं होतं, तो कोपऱ्यात बसून ऐकत होता आणि त्याला बरं नसावं असं मी तुला लिहिलं होतं. मी त्याचा हात धरून म्हटलं, बाळा, तेव्हा बोलला का नाहीस? तो म्हणाला, प्रत्येक वेळी आपणच सांगायचं याचा कंटाळा येतो, काकू. कधीतरी कोणीतरी नुसतं विचारावं असं वाटतं. तुम्ही विचारायला आलात.

मग त्याने साहेबांना एक युक्ती सांगितली. साडी पांढरीच ठेवायची. फक्त केतकीच्या आईने मालिकेत तेच विचारायचं, जे मी बैठकीत विचारलं, त्याच शब्दांत. आणि अनयच्या आत्याने तिला उत्तर द्यायचं. म्हणजे ज्यांना खुपेल त्यांचा प्रश्न आधीच पडद्यावर आलेला असेल, पत्र लिहायला काही उरणार नाही. साहेब म्हणाले, त्या भागातून डॉक्टरला सुट्टी द्या, एका भागात एवढं शहाणपण पुरे. मला वाटतं तो होकार होता. पण नक्की काही नाही. त्यांच्यावरही साहेब आहेत, लिहिलेलं वर जाणार, मग कळणार.

मुकुलने मला विचारलं, तुमचे शब्द वापरू का? केतकीची आई सगळ्या राज्यासमोर चुकलेली दिसेल. मी म्हटलं, वापर. चुकलेलीच दिसू दे. नाना लपवताना फजीत झाले म्हणून आमच्या घरात कान तपासले गेले. शहाण्या माणसाचं कोण ऐकतं?

निघाले तर ऊन उतरलं होतं, छान हवा होती. जिथे मेट्रो पकडते तिथूनच बोरिवलीकडची दुसरी मेट्रो सुटते. मी पाटीखाली थोडा वेळ उभी राहिले. मग घाटकोपरच्या बाजूला वळले. बोलावल्याशिवाय यायचं नाही असं मी ठरवलंय, एवढा मान मलाही आहे.

आई


विक्रोळी
१९ डिसेंबर

प्रांजल,

तुझं पत्र आलं. खरंखुरं, अक्षर असलेलं! ते अजून तसंच आहे, वेलांट्या पुढे पळतात.

तू लिहिलंस, "तुला तारीख सांगितली असती तर तू आली असतीस, हे मला माहीत होतं. मग तुला ते बाबांपासून जन्मभर लपवावं लागलं असतं, नाहीतर त्यांना सोडून यावं लागलं असतं. तुझ्यावर ती वेळ आणायची नव्हती." मी हे वाचून तुझ्यावर चिडले. मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा चिडले. आईवर कोणती वेळ आणायची हे मुलीने का ठरवायचं? तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र रडले. तू खोटं लिहिलेलं नाहीस. मी आलेच असते.

बाकीचं वाचताना मजा वाटली. शब्द देताना विकीची जीभ अडखळली आणि त्याने एकच वाक्य दोनदा म्हटलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? साडी तुझ्या सासूबाईंनी स्वतः निवडली, निऱ्या त्यांनी घातल्या. बरं झालं, तुला कधीच धड जमल्या नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग. हार विकीच्या चेतनावहिनीने दिला. सगळं मला आता दिसतंय. मी ते मुकुलला सांगितलं नाही, तू काळजी करू नकोस. ते माझं आहे.

तू विचारलंस, हे सगळं खरंच मंडळासाठी हवं होतं का. तुला काय वाटतं?

वाहिनीकडून अजून काही कळलेलं नाही. चित्रीकरण झालं म्हणे, पण वरच्या साहेबांनी बघितल्याशिवाय ते लागणार नाही. नंदकिशोरांना कुणकुण लागलीय, त्यांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही पलटी मारली म्हणे? मी म्हटलं, हो, मारली. मग हळूच विचारतात, पण पांढरीच का असते हो? मी म्हटलं, नंदकिशोरराव, भाग बघा.

बाबांना अजून काही माहीत नाही. तुझा फोटो माझ्या पर्समध्येच आहे. त्यांच्यापासून लपवायची वेळ शेवटी आलीच माझ्यावर, तू एवढं टाळूनही. आणि मला आता ती नको झालीय. भाग लागला, पांढरी साडी दिसली, की त्यांना फोटो दाखवायचा असं मी ठरवलंय. शालू दिसला तर काय करायचं ते ठरवलेलं नाही.

आई


विक्रोळी
९ जानेवारी

प्रांजल,

तू काल बघितलंस का? विकीने बघितलं? मी शब्दन् शब्द लिहिते, कारण आमच्याकडे मालिकेपेक्षा जास्त घडलं.

शकुला मी खाली बोलावलं होतं. ती येऊन खुर्चीवर बसली. बाबा पेपर घेऊन नेहमीच्या जागेवर. गावाहून तांदूळ आलेत, ते मी ताटात निवडायला घेतले होते, हाताला काहीतरी हवं म्हणून. सुरुवातीला सगळा हॉल दाखवला, माणसं, मेणबत्त्या, आणि नवरीची पाठ दिसेचना. मी शकुचा हात धरला. मग केतकी वळली.

पांढरी होती गं. काठ निळा, बोटभर. मुकुलच्या आईचीच साडी.

तेवढ्यात पडद्यावरची तिची आई पुढे झाली आणि म्हणाली, "ही नवरी आहे की दुखवट्याला बसलीय?" बाबांनी पेपर खाली घेतला, टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या तुझाच बोलणा मा?" ते म्हणाले.

म्हटलं, हो, माझंच. पुढचं बघा.

अनयच्या आत्याने उत्तर दिलं. भाषण नाही, काही नाही. तिने आईला जवळ बसवलं आणि सांगितलं, की ताई, माझ्या लग्नात मी अशीच होते, माझी आई तिच्या लग्नात अशीच होती, आमच्याकडे कोऱ्यावरच सुरुवात करतात. त्या आईने पोरीचा पदर नीट केला. बस. मी कान देऊन ऐकलं, इमारतीत एक कुकर वाजला नाही. विद्याधर साहेबांना मी हे कळवणार आहे. त्यांना सांगायच्या असतात त्या चार गोष्टी कशा पोचतात ते त्यांना यातून कळेल.

मग गाथा, म्हणजे आपल्या मंगलाष्टकांसारखी, सुरू झाली, सगळे उभे राहिले आणि वरून फुलं पडायला लागली. माझं लक्ष टीव्हीकडे होतं. काहीतरी टपटप आवाज आला म्हणून बघते तर तुझे बाबा. त्यांनी माझ्या ताटातून चिमूट चिमूट तांदूळ घेतले होते आणि ते टीव्हीच्या दिशेने टाकत होते. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं असं मला वाटत नाही. जन्मभर लग्नात उभं राहून हाताला जी सवय लागलीय तिने ते होत होतं.

शकु म्हणाली, "काका, आमच्यात फुलं असतात. तांदूळ नाही."

बाबा थांबले. मला वाटलं, आता संपलं, उठून आतल्या खोलीत जातील. त्यांनी हातातल्या तांदळाकडे बघितलं, ते परत ताटात ठेवले आणि शकुला म्हणाले, "मगे आधी सांगाक नको?"

ते उठले आणि देव्हाऱ्याकडे गेले. तुला माहीत आहे, देवांची पूजा ते स्वतः करतात, मला एक पाकळी इकडची तिकडे करू देत नाहीत. त्यांनी सकाळी वाहिलेली फुलं एकेक करून उचलली, झेंडू, जास्वंद, अनंताचं एक, ओंजळीत घेऊन आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. गाथा अजून चालू होती. त्यांनी फुलं टाकली. एक जास्वंद टीव्हीच्या वरच राहिलं, अजून तिथेच आहे, मी काढलं नाही.

शकु रडत होती. मी पर्स उघडली आणि फोटो त्यांच्या हातात दिला. ते चष्मा शोधायला लागले, तो डोळ्यांवरच होता. किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही, टीव्हीवर जाहिराती येऊन गेल्या, बातम्या लागल्या. शेवटी म्हणाले, "साडी बरी आसा. केसांची बट तेवढी सुटली."

मी म्हटलं, मलापण तेच दिसलं.

मग त्यांनी तुझं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही. इतक्या वर्षांनी घरात ते ऐकलं, प्रांजल, आणि मला कळलं की ते नाव त्यांच्या तोंडात किती वेळ अडकून पडलं होतं.

तू गेल्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "कधी यावंसं वाटलं तर या." मी ते त्यांना वाचून दाखवलं. या म्हणजे दोघांना ना? मी तसंच धरून चाललेय. रविवारी येतोय. जेवणाच्या वेळेला पोचणार नाही, सकाळीच येतो, सगळं बघायचंय. विकीला बांगडे चालतात का ते कळव, आणि सासूबाई असतील तर त्यांना थांबवून ठेव.

आज सकाळपासून बाबांचे प्रश्न चालू आहेत. कुठल्या बाजूला उतरायचं, कितवा मजला, लिफ्ट आहे का. मला जेवढं पाकिटावरच्या पत्त्यावरून कळतं तेवढं सांगितलं. आत्ता मी हे लिहीत असताना ते पुन्हा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिच्या दाराक बेल आसा, की कडी वाजवची?"

आपल्या मुलीच्या घराचं दार आम्ही दोघांनीही बघितलेलं नाही. तू कळव. नाहीतर असं कर, रविवारी दार उघडंच ठेव.

आई